पान भरेपर्यंत

खरं वाटो न वाटो, घडलं तसं सांगते. मी ऑर्गन दुरुस्त करते. मांडीपुढं घेऊन बसायची पेटी नव्हे, चर्चमधला, भिंतभर नळ्यांचा. काम वडिलांकडून आलं. ते म्हणायचे, या धंद्यात भुतं भेटत नाहीत, उंदीर भेटतात. वीस वर्षं त्यांचं म्हणणं खरं ठरलं.

त्या सकाळी एका गायनमास्तरांचा फोन आला. "एक पट्टी आपोआप वाजते. रविवारी कार्यक्रम आहे. लगेच या."

हत्यारांची पिशवी उचलून गेले. चर्चच्या दारावर मोठा कागद लावला होता. 'रेक्विएम – थोरल्या बहिणीच्या स्मरणार्थ', आणि खाली रचनाकार म्हणून मास्तरांचं नाव. रेक्विएम म्हणजे मेलेल्यांसाठी गातात ते संगीत. शब्द लॅटिन, अर्थ साधा, विश्रांती.

झाडलोट करणारी मावशी पायऱ्या पुसत होती. मला वाचताना बघून तिनं फडकं पिळलं.

"सूर ताईंचे, अक्षर ताईंचं," ती हळूच म्हणाली. "नाव तेवढं भावाचं. आयत्या बिळावर नागोबा."

ताई वर्षापूर्वी दम्यानं गेल्या, याच ऑर्गनवर, एवढं मीही ऐकलं होतं.

ऑर्गन वरच्या सज्जात होता. मास्तर वाटच बघत होते. डोळे लाल, दाढी वाढलेली.

"झोप झालेली दिसत नाही," मी म्हटलं.

"डोळा लागला की वाजते."

"इथं?"

"घरीसुद्धा…"

मी भाता तपासला, झडपा उघडल्या, कातडं चाचपलं. सगळं ठाकठीक. उंदराची लेंडीसुद्धा नाही. मग मास्तर बाकावर बसले मात्र, डावीकडची एक पांढरी पट्टी खाली गेली. हळूहळू. कुणी तर्जनी ठेवून दाबावी तशी. एक खोल, ओलसर सूर सज्जाभर पसरला.

मी त्या सुराची नळीच उपटली. माझ्या उंचीची, कथलाची. जमिनीवर आडवी ठेवली.

सूर थांबला नाही. नुसत्या भोकातून येत राहिला, आणि त्याच्याबरोबर एक वास. औषधाचा, बंद खोलीचा, आजारी माणसाच्या तोंडाचा.

"मास्तर, हे माझ्या हातचं काम नाही. काय केलंत तुम्ही?"

मास्तर पट्टीकडे बघतच बोलले.

"मी इथंच, खाली टेबलाशी होतो. तिचं रेक्विएम माझ्या अक्षरात उतरवत होतो. आजवर तिचं सगळं माझ्याच नावावर खपलं. त्या सकाळी ती म्हणाली, हे मात्र माझ्या नावानं जाईल. आणि वर निघून गेली. तिचा दम्याचा पंप माझ्या पुढ्यातच राहिला होता…"

"त्यांनी हाक मारली?"

"हाक मारायला श्वास कुठं होता? तिनं ही पट्टी दाबून धरली. मला कळलं. लगेच कळलं."

"मग?"

"म्हटलं, एवढं पान भरू दे…" त्यांनी ओठांवरून जीभ फिरवली. "पान भरेपर्यंत सूर थांबला होता."

"रविवारी सगळ्यांसमोर त्यांचं नाव घ्या," मी म्हटलं. "त्याशिवाय हे थांबायचं नाही."

"रविवार निभावू दे. मग बघू. हे फक्त तुम्हाला सांगितलंय. त्या मावशीला कळलं तर गावभर होईल."

मी कुणापाशी बोलले नाही. बोलायला हवं होतं.

रविवारी दुपारी चारला चर्च भरलं. गाणारे खाली, लोकांसमोर. वर सज्जात मास्तर ऑर्गनवर, आणि काही बिघडलंच तर हाताशी म्हणून मी, भात्याच्या दारापाशी स्टुलावर. खालून आम्ही कुणालाच दिसत नव्हतो.

काय सुंदर रचना होती! मी किती ऐकलंय, पण असं नाही. शेवटचा 'रेक्विएम' शब्द गाऊन सगळे थांबले. मास्तरांनी दोन्ही हात उचलले.

डावीकडचा तो सूर चालूच राहिला.

लोकांना वाटलं, असंच रचलेलं असेल. माना खाली घालून ते ऐकत राहिले.

"ताई, पुरे…" मास्तर पुटपुटले. आणि त्यांच्या छातीतून शिटी वाजली. या माणसाला जन्मात कधी दमा नव्हता. तोंड उघडं, गळ्याच्या शिरा ताठ, पण आवाज फुटेना. माझ्याकडे वळायला गेले, तेही जमेना. शेवटी त्यांनी एक पट्टी दाबून धरली. मला हाक मारायला. आता दोन सूर होते.

मी उठणार, तोच मागून कुणीतरी माझं मनगट धरलं. घट्ट. माझी नजर मास्तरांवरून हटत नव्हती. मावशी वर आली असेल, असं वाटलं.

"बस," कानाशी कुजबुज झाली. "पान भरू दे…"

आणि मी बसले. लपवून काय करू? हात ओढून घेता आला असता. पण तो दुसरा सूर ऐकत मी बसून राहिले, आणि माझ्या मनात तेव्हा दया नव्हती.

एक सूर थांबला. मग दुसरा. खाली टाळ्यांचा कडकडाट झाला.

डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. संध्याकाळी सगळे पांगल्यावर मी मावशीला गाठलं. "तू मला का धरून ठेवलंस?"

"मी?" ती बघतच राहिली. "अगं, मी चारपासून खालच्या दारात उभी. शंभर माणसांनी बघितलंय मला. वर कशाला येऊ?"

मी बाही वर सारली. मनगटावर काळेनिळे वळ उठले होते. एक अंगठा, तीन बोटं. तर्जनीची जागा कोरी होती. ते बोट तेव्हा पट्टीवर होतं.