बंबाच्या दारात अडकलेला शब्द

"बंबाने आज आंघोळ केली नाही!" भोंगा जिन्यावरूनच ओरडला.

सुट्टीसाठी मावशीकडे आलेली तिन्ही भावंडं अग्निशमन केंद्राच्या वरच्या खोलीत राहत होती, कारण मावशीचे यजमान, म्हणजे काका, मोठ्या बंबाचे चालक होते. भोंग्याचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जाई. थोरली बहीण जेवतानाही शब्दकोश मिटत नसे, म्हणून ती डिक्शनरी. आणि धाकटा सदा तिच्या मागे मागे, म्हणून शेपूट.

काका रोज सकाळी बंब अंगणात काढून धूत. आज मात्र दार बंद! तिघं धडाधड खाली उतरली.

केंद्राला दीडशे वर्षं झाल्याचा समारंभ होता. अंगणात माणसाएवढी लाकडी इंग्रजी अक्षरं ओळीने उभी होती.

"सेस्क्विसेंटेनिअल!" डिक्शनरीने एका दमात वाचलं. "म्हणजे दीडशेवं वर्ष. सव्वाशे असती तर क्वास्क्विसेंटेनिअल."

"बोललीस की शिंकलीस?" भोंगा म्हणाला.

पण ती हसली नाही. अक्षरं खरं तर दोन दारांमधल्या भिंतीपुढे मावायला हवी होती. केंद्राच्या मोठ्या साहेबांनी हौसेने एवढा लांबलचक शब्द निवडला, की त्याची शेवटची चार अक्षरं थेट मोठ्या बंबाच्या दारासमोर आली होती!

"आणि आग लागली तर?" शेपटाने विचारलं.

डिक्शनरीला एकदम मावशी आठवली. मागच्या गल्लीत गादी कारखान्याच्या माडीवर मावशी शिलाई करायची. चहूकडे कापूस, उतरायला एकच अरुंद जिना. आत्ताही ती तिथेच होती.

तिघांनी साहेबांना गाठलं. ते आरशात बघून टोपी नीट करत होते.

"तासाभराचा तर कार्यक्रम! आजच बरी आग लागेल!" साहेब म्हणाले. "पळा, खेळा जाऊन."

काका कडक इस्त्रीचा गणवेश घालून बाकावर बसले होते. "मी दोनदा सांगून पाहिलं रे. ऐकतंय कोण?"

"मग आपणच काहीतरी करायचं," डिक्शनरी म्हणाली. पाणी वाहून जावं म्हणून अंगणाला दारापुढच्या नालीकडे उतार होता, हे तिने हेरलं होतं. तिने सजावटवाल्यालाच गाठलं. "दादा, तुमची शेवटची अक्षरं बुटकी दिसतायत! उतारावर आहेत ना."

त्याने डोळा बारीक करून पाहिलं. "अरेच्चा! खरंच की. खाली काहीतरी द्यायला हवं."

"हे घ्या!" भोंग्याने पाण्याचे पाइप वाहायची चाकांची गाडी तयारच ठेवली होती. चार अक्षरं गाडीवर चढली. ती घरंगळू नयेत म्हणून सजावटवाल्याने ती उरलेल्या शब्दाला दोरीने बांधली. शेपूट त्या गाठीशेजारी जाऊन बसला तो हललाच नाही.

पाहुणे जमले. साहेब भाषणाला उठले. "आजच्या या सेस... सेस्क्वि..."

ठणठणठणठण! धोक्याची घंटा घणाणली! मागच्या गल्लीवर काळा धूर उसळत होता.

"गादी कारखाना!" कोणीतरी किंचाळलं.

काका रांग मोडून धावले. दार वर गेलं, बंब गुरगुरला, आणि समोर चार अक्षरं! साहेब जागच्या जागी थिजले.

"शेपटा, सोड!" डिक्शनरी ओरडली.

"गाठ बसलीय घट्ट!" शेपूट गाठ ओरबाडू लागला. नखं लागेनात. त्याने दोरीत दातच रोवले. धुराचा वास आता अंगणात आला होता. "मावशी वर आहे," तो रडत रडत पुन्हा ओढू लागला. अचानक गाठ ढिली झाली!

"ओढा रे!" भोंग्याने असा आवाज दिला की दोन पाहुणेसुद्धा धावून आले. गाडी खडखडत बाजूला गेली, आणि बंब तीरासारखा सुटला.

मुलं मागोमाग पळाली. जिना पेटला होता. माडीच्या खिडकीत बायका ओरडत होत्या. काकांनी बंबाची शिडी खिडकीला टेकवली. एक बाई उतरली, दुसरी उतरली. मावशी काही दिसेना. डिक्शनरीला एकही शब्द सुचेना. तिने फक्त शेपटाचा हात घट्ट धरला.

आणि मग सगळ्यांच्या शेवटी, तोंड काळं, डोळे लाल, अशी मावशी काकांच्या खांद्यावर खोकत खोकत उतरली. तिघं तिला इतकी बिलगली, की ती म्हणाली, "अरे, धुरातून वाचले, आता तुम्ही गुदमरवता का?"

संध्याकाळी साहेब स्वतः खोलीवर आले. टोपी हातात होती.

"पोरांनो, चूक माझी होती. तुम्ही नसता तर..." मग ते काकांकडे वळले. "तुमच्या पोरांनी आज केंद्राची लाज राखली," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी भिंतीवर नवी पाटी लागली. तिच्यावर एवढंच होतं: 'दीडशे'. दोन्ही दारं मोकळी होती, आणि बंब अंगणात मजेत आंघोळ करत होता.

"साहेब, पंचवीस वर्षांनी टर्क्वास्क्विसेंटेनिअल येईल बरं का!" डिक्शनरी म्हणाली.

साहेब दचकलेच. "पावणेदोनशे म्हण, बाई! आणि लिहायचं ते भिंतीवरच!"

मावशी खिडकीतून हसली, आणि खोकत खोकतच तिने तिघांना जेवायला हाक मारली.