बंद गाडीतले धडे

पेट्रोलपंपाच्या रांगेत एक माणूस आपली गाडी हातानं ढकलत होता. तसे सगळेच ढकलत होते म्हणा. रांग गाडीभर पुढं सरकली की इंजिन सुरू करायचं, पुन्हा बंद करायचं, असले लाड आता कुणालाच परवडत नव्हते. पण बाकीच्यांकडं ढकलायला निदान बायको होती, भाऊ होता, मित्र होता. हा एकटाच. एक हात दरवाज्याच्या चौकटीला, दुसरा आत स्टिअरिंगवर, आणि वरून आठवडाभर न थांबलेली ती चिकट भुरभुर.

नर्स ड्युटी संपवून त्याच फुटपाथवरून चालली होती. तिच्या पर्समध्ये एक पत्र होतं आणि त्या पत्रानं तिचं डोकं उठवलं होतं. रांगेकडं तिचं लक्षच नव्हतं.

"अहो सिस्टर! पाच मिनिटं आहेत का? नुसतं आत बसून स्टिअरिंग सरळ धरा. बाकी मी बघतो."

"मला गाडी येत नाही."

"गाडीत पेट्रोल नाही, तुम्हाला येऊन तरी काय उपयोग?"

तिला हसू फुटलं. सकाळपासून पहिल्यांदाच. छत्री मिटून ती आत बसली आणि दोन्ही हातांनी स्टिअरिंग गच्च धरलं. तो मागं जाऊन जोर लावायला लागला.

"सरळ धरलंय ना?" मागून आवाज आला.

"अगदी सरळ!"

"मग आपण फुटपाथवर का निघालोय?"

पंपापर्यंत पोचायला पाऊण तास लागला. उतरताना तिनं गाडीच्या दारावरची अक्षरं वाचली आणि ती जागच्या जागी थबकली. मोटार ड्रायव्हिंग स्कूल!

"तुम्ही... शिकवता?"

"पोटापाण्यासाठी."

"महिन्याभरात येईल गाडी?"

"कुणाला? तुम्हाला?" त्यानं एकदा फुटपाथकडं पाहिलं, एकदा तिच्याकडं. भिजलेल्या केसांतून पाणी त्याच्या नाकावर ओघळत होतं आणि डोळे मात्र हसत होते. "बघू... प्रयत्न करू."

आता त्या पत्राचं सांगितलं पाहिजे. सहा वर्षं ही बाई तात्पुरती नर्स म्हणून राबत होती. राहायला ताईकडं, बाहेरच्या खोलीत. ताई मायेची, भावजीही चांगले. पण रोज सकाळी भावजींना चहा प्यायला बसायचं असे आणि हिची गादी अजून उचललेली नसे. कुणी काही बोलत नसे, तेच जास्त लागायचं. त्यात इस्पितळानं सांगून टाकलं होतं, पहिल्या तारखेपासून तात्पुरत्या नर्सेस बंद. आणि नेमकी तेव्हाच ही कायमची नोकरी चालून आली होती. आठ तासांच्या अंतरावर, फिरत्या दवाखान्यात, राहायला क्वार्टरसकट. फक्त एक अट होती. पेट्रोल भडकल्यापासून खात्यानं ड्रायव्हर काढून टाकले होते, तेव्हा गाडी नर्सनंच चालवायची. पहिल्या तारखेला लायसन्स हातात नसेल, तर यादीतली पुढची बाई.

ड्रायव्हिंग स्कूलच्या मालकीणबाईंचं एकच दैवत होतं, पेट्रोलचा काटा. भाव चढायला लागले तसे त्यांनी नियम काढले. शिकणाऱ्याचे पहिले दहा तास इंजिन बंद. गाडी स्कूलच्या मागच्या अंगणात उभी राहणार आणि शिकणाऱ्यानं आत बसून हातपाय हलवायचे. रस्त्यावर गेल्यावर एसी नाही. सिग्नलला थांबलात की किल्ली फिरवून इंजिन बंद. ब्रेक दाबणं म्हणजे पेट्रोलचा खून, असं बाई म्हणत. निम्मे विद्यार्थी हे ऐकूनच पळून गेले. नर्सला पळून जायला जागा नव्हती.

"आता समोरून ट्रक येतोय," पहिल्या दिवशी मास्तर म्हणाला. ती त्याला मास्तरच म्हणायला लागली होती.

"कुठाय?"

"आहे असं समजा."

"समजले."

"काय कराल?"

"डोळे मिटीन."

"सिस्टर, तुम्ही इंजेक्शन पण डोळे मिटूनच देता का?"

"माणूस बघून ठरवते," ती म्हणाली. तो खिडकीबाहेर बघून हसला. ते तिनं आरशात पाहिलं.

दिवस वाईट होते. वॉर्डात रोज एक खाट कमी व्हायची, रोज कुणीतरी नर्स डोळे पुसत कपाट रिकामं करायची. रस्त्यावर निम्म्या दुकानांची शटरं खाली. कामावरून माणसं तासन् तास चालत घरी जात आणि कुणी कुणाशी बोलत नसे. अशा दिवसांत संध्याकाळचा तो एक तास, त्या न हलणाऱ्या गाडीत, तिला जीव की प्राण झाला. काचांवर आतून वाफ धरायची. मास्तर ती फडक्यानं पुसायचा, पण हळूहळू... जणू घाई कसली आहे? त्याच्या पायाखाली वेगळा ब्रेक होता, शिकणाऱ्यानं गोंधळ घातला तर दाबायला. बंद गाडीत त्या पायांना काही काम नसे, मग तो ओल्या बुटांनी ताल धरी.

तो घरचं सांगायचा. घरी वडील आणि तो, दोघंच. वडिलांची नजर गेली होती. भिंत, दार, माठ, खुंटी, सगळं घर ते हातानं ओळखत. दुसऱ्या घरात नेलं, तर दुसऱ्या दिवशी पडून हाड मोडतील. म्हणून चांगल्या पगाराच्या दोन नोकऱ्या त्यानं सोडल्या होत्या. हे त्यानं कौतुक करून घ्यायला सांगितलं नाही, म्हणून तिला जास्तच कौतुक वाटलं.

"रिव्हर्स टाका."

"सापडत नाहीये."

"काल सापडला होता."

"काल होता. आज नाहीये."

मग त्याचा हात तिच्या हातावर यायचा आणि गिअर मागं जायचा. सातव्या दिवशीही रिव्हर्स सापडला नाही, आठव्या दिवशीही नाही. सलाईन लावताना बाळाची केसाएवढी शीर पहिल्या झटक्यात शोधणारी बाई ती! मास्तरचे कान मात्र लाल झाले होते.

गाडी रस्त्यावर आली तशी ती भराभर शिकली. उतारावर पाय उचलायचा, लांबूनच लाल दिवा हेरायचा, थांबलं की किल्ली फिरवायची. मालकीणबाई खूश झाल्या. पण गाडी जसजशी यायला लागली, तसतसे दोघं गप्प होत गेले. महिना संपत आला होता.

परीक्षेच्या दिवशी ती सगळं नीट करत गेली. चौकात लाल दिवा लागला. तिनं गाडी थांबवली, किल्ली फिरवली आणि इंजिन बंद केलं. शेजारी बसलेल्या साहेबानं कागदावर फुली मारली.

"इंजिन बंद पडलं. नापास."

"पडलं नाही साहेब, मी केलं. पेट्रोल वाचवायला."

"या कागदावर पेट्रोल वाचवायला कुठं जागाच नाही, बाई."

पुढची तारीख तीन आठवड्यांनंतरची मिळाली. नोकरीवर हजर व्हायला उरले होते नऊ दिवस.

मास्तरचं तोंड पांढरंफटक पडलं. "माझी चूक," तो म्हणाला. "मी सांगायला हवं होतं. परीक्षेत इंजिन चालूच ठेवायचं असतं." दुसऱ्या दिवसापासून तो पहाटे उठून लायसन्सच्या कचेरीसमोर उभा राहायला लागला. कुणी आलं नाही तर त्याची पाळी मिळते म्हणून. चार दिवस नुसताच भिजून परतला. पाचव्या दिवशी पाळी मिळाली. रोज संध्याकाळी तो तिला त्याच चौकातून पुन्हापुन्हा नेई आणि दिवा लाल झाला की म्हणे, "हात मांडीवर. इंजिन चालू राहू दे. पेट्रोलचं मी बघतो."

ताई म्हणाली, "अगं, शिकवणारे पुष्कळ बघितले. इतकं कोण करतं?"

नर्सलाही तेच वाटत होतं. माझ्यासाठी इतकं आजवर कुणी केलं होतं? रात्र रात्र तिला झोप लागेना. जावं तर जीव तुटत होता आणि राहावं तर कुठं?

परीक्षेच्या दिवशी पुन्हा भुरभुर होतीच. कचेरीबाहेरच्या रांगेत गाडी उभी होती आणि पुढं दोन गाड्या होत्या.

"सिस्टर, एक सांगायचंय," मास्तर म्हणाला. "आत्ता सांगू नये खरं तर... पण नंतर धीर होणार नाही."

इतक्या दिवसांत तिला हेच तर ऐकायचं होतं. "सांगा की."

"त्या इंजिनचं... मी विसरलो नव्हतो."

"म्हणजे?"

"आदल्या संध्याकाळी आठवलं होतं. फोन हातात घेतला. तुझा नंबर काढला. आणि... खाली ठेवला. म्हटलं, झाली नापास तर होऊ दे. राहील इथं."

वायपर दोनदा काचेवरून गेले. आधी तिला कळलंच नाही. मग अंगाची लाही लाही झाली.

"सहा वर्षं!" ती म्हणाली. तिचा आवाज फुटला. "सहा वर्षं मी वाट बघितली त्या नोकरीची. रोज सकाळी धावत गादी उचलते मी, ठाऊक आहे? आणि तू एक फोन करू शकला नाहीस?"

"नाही."

"का?"

"तू जाऊ नयेस म्हणून. माझं प्रेम आहे तुझ्यावर, हे सांगणार होतो. पण जो असं वागला, त्यानं आता ते म्हणू नये."

"म्हणून झालं की आत्ता!"

पुढची एक गाडी हलली. ढसाढसा रडावं, नाहीतर याला एक सणसणीत ठेवून द्यावी, असं तिला वाटलं. पण तिनं दोन्ही केलं नाही, कारण तिच्याही मनात एक गोष्ट होती. इतके दिवस तिनं ती ताईला सांगितली नव्हती, आरशासमोर स्वतःलासुद्धा धड सांगितली नव्हती.

"त्या दिवशी सकाळी मी फॉर्मवर सही केली," ती म्हणाली. "मागच्या बाजूला चुकांची यादी होती. सातवी ओळ, इंजिन बंद पडणं. मी वाचली होती."

त्यानं मान वर केली.

"दोनदा वाचली होती. तरी लाल दिवा लागला आणि माझा हात गेला किल्लीकडं."

"सवयीनं गेला असेल."

"सवयीनं नाही रे..."

बस, इतकंच. त्याचा हात सीटवरून हळूच तिच्या हाताजवळ आला आणि तिनं तो घट्ट धरला. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. मग खिडकीवर टकटक झाली. साहेब आला होता. मास्तर उतरून पावसात उभा राहिला.

चौकात दिवा लाल झाला. तिनं गाडी थांबवली आणि हात मांडीवर ठेवले. इंजिन चालू होतं. सबंध दिवा संपेपर्यंत ते घुरघुरत राहिलं आणि पेट्रोल जळत राहिलं. एकदा मनगट वळवलं की संपलं होतं. पुन्हा तीन आठवडे, पुन्हा हा माणूस, पुन्हा संध्याकाळ. पण पुढं काय? ताईची बाहेरची खोली? की आंधळ्या सासऱ्याच्या घरात दोन रिकाम्या हातांनी शिरायचं आणि एकाच्या पगारात तिघांनी दिवस ढकलायचे? दिवा हिरवा झाला. तिनं गिअर टाकला.

"पास," साहेब म्हणाला.

पास झाल्याचा इतका राग तिला आयुष्यात कधी आला नव्हता.

मास्तर ठरलेल्या जागी उभा होता, नखशिखांत भिजलेला. तिच्या चेहऱ्यावरून त्याला कळलं. "शाब्बास," तो म्हणाला आणि शेजारच्या सीटवर येऊन बसला. बराच वेळ काचा पुसत राहिला. स्वच्छ झाल्या तरी पुसत राहिला.

"आठ तास म्हणजे फार नाही," शेवटी तो म्हणाला. "रविवारी येत जाईन."

"या भावात? आणि बाबांना कुणाच्या भरवशावर ठेवशील?"

तो तिच्याकडं वळला, काहीतरी म्हणायला त्यानं तोंड उघडलं... आणि तिनं झटकन त्याच्या ओठांवर बोटं ठेवली.

"नको म्हणूस. तू थांब म्हणालास, तर मी थांबेन."

तिनं बोटं काढून घेतली. मनातून, अगदी आतून, तिला वाटत होतं की म्हणावं यानं. एकदाच म्हणावं.

मास्तरनं समोर बघितलं.

"डावीकडे घे," तो म्हणाला.

तिनं गाडी डावीकडं घेतली. पुढं तो म्हणाला, आता सरळ. मग उजवीकडे. मग पुढच्या वळणावर जरा हळू. स्कूलपर्यंतच्या सबंध रस्त्यात तो याशिवाय एक अक्षर बोलला नाही. तिला तो रस्ता पाठ होता, तरी प्रत्येक वळणावर ती "हो" म्हणत गेली.