आठव्या तुकड्याचा चार्ज

ही गोष्ट खरी आहे. ज्याला खोटी वाटते त्यानं क्रांती चौकात यावं, तिसऱ्या मजल्यावर चढावं आणि आमच्या मेघाच्या ऑफिसातल्या सर्व्हर रूमला कान लावावा. कान स्वतःच्या जबाबदारीवर.

रात्र नव्हती. मे महिन्यातली भर दुपार होती. बाहेर डांबर वितळत होतं आणि आत सर्व्हर रूमच्या एसीत मेघा स्वेटर घालून बसली होती.

मेघाच्या घरी भिंतीवर बावीस प्रतिज्ञा लावलेल्या आहेत. घरचे भूत, भानामती, काही मानत नाहीत. दसऱ्याला सगळ्यांनी सर्व्हरला हार घातला, तेव्हा ती म्हणाली होती, "हार राहू द्या, आधी धूळ पुसा."

काम साधं होतं. नेटवर्कचं एक महागडं, वेगवान कार्ड. त्याचे आठ आभासी तुकडे आधीच पाडलेले. त्यांना व्हर्च्युअल फंक्शन म्हणतात. शेअर रिक्षासारखं... रिक्षा एकच, पण बसलेल्या प्रत्येकाला वाटतं आपण स्पेशल केलीय. प्रत्येक तुकडा जुन्या ड्रायव्हरपासून, म्हणजे त्याला चालवणाऱ्या प्रोग्रॅमपासून, सोडवायचा. नव्या ड्रायव्हरला बांधायचा. मग दूध संघाच्या आठ मशीनना एकेक देऊन टाकायचा.

संध्याकाळपर्यंत झालं तर मेघाची नोकरी कायम. नाही झालं तर पुण्याहून माणूस येणार आणि मेघा घरी.

सात तुकडे गपगुमान सुटले.

आठवा सुटेना.

कमांड दिली की ती तिथंच अडकायची. याचा अर्थ एकच असतो. तो तुकडा कुणीतरी वापरतंय.

कोण? तिनं सगळं धुंडाळलं. कुणीच नाही.

पण स्क्रीनवर त्या तुकड्याचे आकडे वाढत होते. तुकड्यातून काहीतरी ये-जा करत होतं...

तिनं केबल उपटली.

आकडे वाढतच राहिले.

मग पंख्यांची घरघर हळूहळू खाली गेली... आणि ऐकूच येईना. कोपऱ्यात एक जुना कीबोर्ड पडला होता. त्याची वायर त्याच्याच अंगाला गुंडाळलेली.

टक-टक.

मेघानं दार उघडलं. बाहेर तिचा कामातला जोडीदार हिमांशू समोसा खात होता.

"आठवा तुकडा कोण वापरतंय रे?"

समोसा हवेतच थांबला. "तू आठव्याला हात लावला? यार, वो पुंडलिकदादा का है."

"कोण पुंडलिकदादा?"

"तुझ्या आधीचे. आतल्या त्या खुर्चीतच गेले, हार्टअटॅकनं. एंटर दोनदा मारायचे. तवापासून आठवा कुणी घेत नाय. हम सातच में भागवते."

"आणि मला कुणी सांगितलं नाय."

"तू भूत मानत नाय ना. म्हटलं, कशाला दुखवा."

आवाज ऐकून मुकुंद सर केबिनबाहेर आले. "काय झालं?"

"सर, पुंडलिकदादांकडून चार्ज कुणी घेतला?"

या ऑफिसात एक रीत आहे. रजेवर जाणारा म्हणतो, "हे घ्या." समोरचा म्हणतो, "घेतलं." तोंडी. त्याशिवाय कुणी जिना उतरत नाही.

"अगं, माणूस वारला," सर म्हणाले. "वारलेल्याकडून चार्ज कसा घेणार?"

"म्हणजे ते अजून ड्युटीवर आहेत."

"तू हे मानतेस?"

"नाय मानत. पण मला संध्याकाळी कायम व्हायचंय."

ती आत गेली. दार लावून घेतलं. स्वेटरची बटणं गळ्यापर्यंत लावली, ती थंडीमुळं, असं ती आजही सांगते.

"दादा," ती रिकाम्या खुर्चीला म्हणाली, "मी तुम्हाला मानत नाय. नारळ देणार नाय, लिंबू देणार नाय. पण काम अर्धं टाकून तुम्हाला निघता येईना, हे मला पटतंय. आठवा द्या इकडं."

तिनं कीबोर्डसमोर हात पसरला...

"घेतलं," मेघा म्हणाली.

टक-टक.

अडकलेली कमांड सुटली. पंखे पुन्हा घरघरू लागले. तिनं आठवा नव्या ड्रायव्हरला बांधला. दूध संघ चालू झाला, मेघा कायम झाली आणि हिमांशूनं उरलेला समोसा खाल्ला.

गोष्ट इथं संपायला हवी होती.

पुढच्या महिन्यात मेघा भावाच्या लग्नाला सोयगावला निघाली. "हे घे," ती हिमांशूला म्हणाली.

हिमांशू छताकडं पाहू लागला. "अपने को नको."

"सर, तुम्ही?"

सरांना नेमका फोन आला. वाजला नव्हता, तरी त्यांनी उचलला.

बस सुटायची वेळ झाली होती. ती तशीच निघाली.

लग्नाच्या मांडवात हिमांशूचा फोन आला. आवाज बारीक. "मेघा... तू सर्व्हर रूममध्ये आहेस का?"

"मी सोयगावात आहे."

"मग आत तुझा स्वेटर घालून कोण बसलंय?"

फोनमधून आवाज आला.

टक-टक-टक.

मेघा एंटर तीनदा मारते. सवय आहे तिची.

तिनं खाली पाहिलं. उजव्या हाताचं बोट मांडीवर आपटत होतं... आपोआप.

तिनं रुमाल काढला आणि ते बोट बाकीच्या बोटांना करकचून बांधलं.

पलीकडचा आवाज थांबला.

"हिमांशू, आत जी बसलीय तिला सांग. रजा मंजूर आहे माझी. आणि केबिनचं दार वाजवून सरांना फोनवर बोलव. मी जिवंतपणी चार्ज देऊन जाणार. घेतलं म्हणा, नायतर मी बोट सोडते."

फोनमधून दार वाजल्याचा आवाज आला, मग जिन्यावरची पावलं.

"सर जिना उतरून गेले," हिमांशू म्हणाला.

लग्नाचं जेवण मेघा डाव्या हातानं जेवली. सोयगावात त्याची अजून चर्चा आहे. रुमाल तिनं अजून सोडलेला नाही. पण रोज ऑफिसात शिरताना ती सरांच्या केबिनसमोर उभी राहते आणि मोठ्यानं म्हणते, "हे घ्या."