‘दुर्रिया’च्या टाकीतलं पाणी

फिक्री अल-मन्नावीने खुर्ची ओढायच्या आधीच सांगून टाकलं, "मॅडम, उद्या दुपारच्या नमाजाच्या आत मला एका माणसाला चोर ठरवून सही करायची आहे. तो खरंच चोर आहे का, एवढंच सांगा."

मुतवल्लीच्या हातातला ताअमियाचा वडा हातातच राहिला. आपली न्याहारी सुखाने होऊ द्यायची नाही, असा अलेक्झांड्रियातल्या तमाम अशिलांनी जणू पण केला होता.

"आधी बसा," बहीजा रस्लान म्हणाली. "भावजी, यांना चहा द्या. आणि तो वडा खाऊन टाका एकदाचा, त्याच्याकडे बघून मलाच वाईट वाटतंय."

बहीजाने विमा कंपनीत वीस वर्षं बुडालेल्या आणि जळालेल्या बोटी तपासल्या होत्या. आता ती स्वतःच्या नावाने तपास करायची. मुतवल्ली हा तिचा धाकटा दीर. गाडी चालवायची, पिशवी उचलायची आणि चारचौघांत विचारायला लाज वाटेल असे प्रश्न बेधडक विचारायचे, ही त्याची कामं.

फिक्रीची हकीकत सरळ होती. त्याने मिठाईचं दुकान विकलं आणि हाजी शुक्रीकडून ‘दुर्रिया’ घेतली. वीस वर्षं जुनी यॉट, दोन डिझेल इंजिनं, साखरपुड्याची पार्टी मावेल एवढा डेक. बुधवारी ताबा मिळाला. बोट चालवायला तांडेल म्हणून गाबिरला ठेवलं. वीस वर्षं तो फिक्रीच्या घरी मासळी घालत आला होता. शुक्रवारी घरची मंडळी घेऊन पहिली फेरी काढली. धक्क्याबाहेर जरा लाटा लागल्या, तसं एक इंजिन खोकलं, मागोमाग दुसरंही, आणि बोट खडकावर जाऊन बसली.

"माणसं?"

"देवाची कृपा, सगळी सुखरूप. पण बंदराच्या अधिकाऱ्याने फिल्टरखालची काचेची वाटी काढली, तर तीत पाणी. गाबिरने डिझेल विकून टाकीत पाणी भरलं म्हणतात. त्याचा परवाना काढून घेतलाय. मी सही केली की तो आत जाणार. मग या किनाऱ्यावर त्याला होडीसुद्धा कुणी देणार नाही."

"म्हणतात म्हणजे कोण म्हणतं?"

"वग्दी मिस्त्री, हाजीच्या वेळपासून बोटीची इंजिनं बघणारा. गुरुवारी संध्याकाळी त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं."

"घेण्याआधी बोट चालवून पाहिली होतीत ना?"

"दोन तास! पाणी कसं, ताटात ठेवलेल्या खिरीसारखं संथ. वग्दी खाली इंजिनापाशीच बसून होता. बिचारा म्हणाला, खाली येऊ नका, कपडे खराब होतील." एवढ्या दुःखातही फिक्रीच्या चेहऱ्यावर कौतुक उमटलं. "आणि पिते किती कमी! निघताना डिझेलचा काटा अर्ध्यावर, परत आलो तरी अर्ध्यावर. वग्दी म्हणाला, एवढं आहे ते बंदरातल्या फेऱ्यांना पुष्कळ झालं. म्हणून घेतल्यापासून थेंब घातला नाही."

"काटा बिघडला असेल," मुतवल्ली म्हणाला.

"छे! तोही तपासून दिला वग्दीने."

"मिस्त्री भारीच गुणी दिसतो," बहीजा म्हणाली आणि उठली.

अन्फूशीच्या गोदीत ‘दुर्रिया’ ओढून ठेवली होती. पोटाला खरचटलं होतं, बाकी बोट धड होती. बंदर कचेरीने शुक्रवारीच सील ठोकलं होतं. परवानगीची चिठ्ठी दाखवल्यावर पहारेकऱ्याने शिडी लावली.

डेकवर चढताच मुतवल्ली थबकला. "वहिनी, रक्त!"

"मेंढ्याचं आहे. नवी बोट घेतली की माणूस मेंढा कापणार, रक्तात हात बुडवून पंजे उठवणार. तुमच्या जुन्या गाडीवर नव्हते उठवले तुम्ही?"

"उठवले होते. तरी गिअरबॉक्स गेलाच."

फिक्रीने पंजे उठवायला हात आखडला नव्हता. एक बोटीच्या पुढच्या टोकाला, नाळेवर, एक केबिनच्या दारावर. तिसरा मागच्या डेकवर, चांदव्याच्या सावलीत, जरासा फरपटलेला. तिथे वाकताना मेंढ्याच्या चरबीवरून पाय घसरला, असं बरोबर आलेल्या फिक्रीने सांगितलं. त्या पंज्याची करंगळी डेकमध्ये बसवलेल्या पितळी झाकणावर गेली होती. मुतवल्ली त्याच्याशेजारीच बूड टेकणार होता.

"तिथे नको, भावजी. आधी या तिन्हींचे फोटो काढा. जवळून."

इंजिनाच्या खोलीत सगळ्यावर गंजाचा थर होता. टाकीकडून इंजिनांकडे जाणाऱ्या डिझेलच्या नळीवर मात्र दोन चिमटे नवेकोरे, चांदीसारखे चमकत होते. बहीजाने फिल्टरच्या वाटीत उरलेलं पाणी चमच्यात घेतलं, वर नेलं आणि पहारेकऱ्याच्या चहाच्या चुलीवर धरलं. पाणी आटलं. चमच्यावर तेलकट डाग राहिला. पांढरं काही उरलं नाही.

"मीठ नाही," मुतवल्ली म्हणाला. "म्हणजे समुद्राचं पाणी नव्हेच. नळाचं! गेला बिचारा गाबिर."

"आणि हे?" तिने वाटीच्या बुडातून काडीवर काळा, बुळबुळीत गोळा काढला. तव्याची काजळी डिंकात कालवावी तसा.

"घाण."

"घाण तर खरीच. पण घाणीलाही वय असतं, भावजी."

तेवढ्यात वग्दी मिस्त्री स्वतःच आला. उंच, नीटनेटका, बोलायला गोड. गाबिरचं नाव काढताच त्याने मान हलवली. "मॅडम, कुणाच्या पोटावर पाय द्यायला मला आवडत नाही. पण डोळ्यांनी पाहिलं ते पाहिलं. गुरुवारी, दिवे लागायच्या सुमाराला, गाबिर मागच्या डेकवर बसलेला. डाव्या हातात पितळी झाकण, उजव्या हातात पाण्याची नळी. नळी थेट डिझेलच्या तोंडात."

"झाकण उघडलेलं होतं?"

"उघडल्याशिवाय नळी कशी जाईल?" तो हसला.

"दोन झाकणं आहेत ना? चुकून पिण्याच्या पाण्याच्या टाकीत भरत असेल."

"ते झाकण पुढे नाळेजवळ, मॅडम. हे मागचं. मी काय आजचा आहे?"

"आणि बुधवारी मेंढा कापला तेव्हा कुठे होतात?"

"रशीद गावाला. बहिणीकडे गेलो होतो. त्या दिवशीचं मटण चुकलं ते चुकलंच."

हाजी शुक्री घरी गच्चीवर सांधे शेकत बसला होता. गुडघ्यांनी दोन वर्षांपूर्वी संप पुकारल्यापासून त्याने बोटीची शिडी चढली नव्हती. गाबिरचं नाव निघताच तो तडकला.

"चोर लेकाचा! माझी बोट म्हणजे लेक होती लेक. दोन वर्षं जागची हलली नाही, पण मी तिला उपाशी ठेवलं नाही. वग्दीला महिन्याच्या महिन्याला पगार देत होतो. पंधरा दिवसांनी इंजिनं फिरव, फिल्टर बदल आणि टाकी काठोकाठ भरलेली ठेव."

"काठोकाठ कशाला?" मुतवल्लीने विचारलं. "चालवायची तर नव्हती."

हाजीने त्याच्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जशी म्हातारी माणसं कैरोवाल्यांकडे बघतात. "अरे बाबा, टाकी अर्धी ठेवली की वरच्या उघड्या पत्र्याला घाम येतो. रात्री गार, दिवसा गरम. घाम गळून तळाशी साचतो. माझा बाप सांगायचा, रिकामी टाकी स्वतःच पाणी पिते."

"आणि वग्दी भरत होता?"

"दर खेपेला सांगून जायचा. ‘हाजी, टाकी तुडुंब.’ चांगला पोरगा."

बहीजा दोन घोट चहा प्यायली आणि निघाली. जिन्यात मुतवल्ली म्हणाला, "वहिनी, म्हातारा सरळ वाटतो हो."

"सरळ आहे. म्हणूनच तर फसलाय."

गाबिर कोळ्यांच्या कॉफीहाऊसबाहेर एकटाच बसला होता. आजूबाजूची चार टेबलं रिकामी आणि आतली भरलेली. वीस वर्षं ज्यांच्याबरोबर पत्ते कुटले ती माणसं पाठ करून बसली होती.

"बुधवारी चावी मिळाली," गाबिर म्हणाला. "मेंढा कापून झाल्यावर, सगळ्यांसमोर. गुरुवारी मी डेक धुवायला गेलो होतो, नळी होती माझ्या हातात. तिने नाळेजवळची टाकी भरली. प्यायचं पाणी नको का माणसांना? मागचा डेक धुतला नाही. मालकाचे पंजे आहेत तिथे, कोण धुवेल? मागच्या झाकणाला मी हात लावला नाही. पण कोण ऐकतंय?"

"मी ऐकतेय," बहीजा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती सगळ्यांना ‘दुर्रिया’वर घेऊन आली. फिक्रीच्या खिशात तक्रारीचा कागद होता. बंदराचा अधिकारी घड्याळ बघत होता. हाजी शुक्रीला दोघांनी खुर्चीसकट वर चढवलं, आणि चढताना त्याने दोघांच्या सात पिढ्या उद्धरल्या. गाबिर कठड्याला टेकून उभा होता. वग्दी हातात पाना घेऊन, मदतीला तत्पर.

"मिस्त्री," बहीजा म्हणाली, "टाकीतला नमुना काढायचाय. मागचं झाकण उघडून द्या."

वग्दी वाकला. पाना लावून जोर दिला. झाकण कुरकुरलं, फिरलं, आणि फटीतून तपकिरी भुगा डेकवर पडला. त्याने झाकण वर काढून बाजूला ठेवलं.

"आता तस्संच परत लावा. आणि ती करंगळी पंज्याला जुळवून दाखवा."

वग्दीने पहिल्यांदा खाली नीट पाहिलं. झाकण लावलं, फिरवलं, थोडं मागे घेतलं, पुन्हा फिरवलं. करंगळीचं टोक एकीकडे, पंजा दुसरीकडे. मधली फट स्वच्छ उघडी पडली होती.

"नाही ना जुळत? काल जुळत होती. भावजी, फोटो दाखवा साहेबांना. पंजा बुधवारचा, फिक्रीसाहेबांचा स्वतःचा. रक्त डेकवरून झाकणावर गेलंय, फटीत उतरून वाळलंय, कुठेही मोडलेलं नाही. बुधवारनंतर आजपर्यंत हे झाकण कुणीही उघडलेलं नाही. मग गुरुवारी ते गाबिरच्या डाव्या हातात कुठून आलं?"

अधिकाऱ्याने फोन डोळ्यांजवळ नेला. मग घड्याळ बघायचं सोडून दिलं.

"दुसरी... दुसरी संध्याकाळ असेल," वग्दी म्हणाला.

"बुधवारच्या आधी चावी गाबिरकडे नव्हतीच. तुमच्याकडे होती. त्या दिवशी तुम्ही रशीदला नसतात, मटण खाल्लं असतंत, तर पंजा कुठे पडलाय ते कळलं असतं आणि दुसरी काहीतरी थाप मारली असती."

"पण वहिनी, पाणी?" मुतवल्लीला राहवेना. "पाणी तर होतं!"

"होतं. खारं नव्हतं, म्हणजे समुद्राचं नव्हे. आणि त्यात काळा, बुळबुळीत गोळा वाढलेला. तो डिझेल आणि पाण्याच्या सीमेवर महिनोन् महिने शिजतो, गुरुवार ते शुक्रवारात नाही. हे पाणी म्हणजे टाकीचा घाम. दोन वर्षांचा. हाजी, तुमची टाकी तुडुंब नव्हती. विक्रीच्या दिवशी काटा अर्ध्यावर होता, तुमच्या गिऱ्हाइकाने पाहिला."



"मग दोन तास इंजिनं चालली कशी?" अधिकाऱ्याने विचारलं.

"दुसऱ्या डिझेलवर. दोन तास दोन इंजिनं धावली आणि काटा हलला नाही. बोट कमी पीत नव्हती, फिक्रीसाहेब, ती या टाकीतलं पीतच नव्हती. नळी कॅनमध्ये सोडलेली होती. म्हणून मिस्त्री खाली बसून राहिले आणि तुमच्या कपड्यांची काळजी वाहिली. नंतर नळी परत टाकीला जोडली. गंजक्या नळीवरचे ते दोन नवे चिमटे त्यासाठी. संथ पाण्यात तळाचा गाळ तळाशीच राहील, महिना दोन महिने निभेल, असं वाटलं असेल. धक्क्याबाहेर पहिल्याच लाटेने सगळं ढवळलं आणि दोन्ही इंजिनांच्या घशात गेलं."

वग्दीच्या कपाळावर घाम आला होता. "मला बोट बुडवायची नव्हती," तो म्हणाला. "देवाशपथ. टाकी साफ करायला लावली असती हाजीने, तर दोन वर्षं काहीच केलं नाही ते उघडं पडलं असतं. पुढं कोण काम देणार मला?"

"आणि मला?" गाबिर म्हणाला. आवाज चढवला नाही त्याने. "मला कोण देणार होतं?"

अधिकाऱ्याने त्याच्या हातातला पाना काढून घेतला आणि त्याला शिडीकडे नेलं. हाजी शुक्री स्वतःच्या गुडघ्यांना शिव्या देत होता. मुतवल्लीला कळलं की त्या शिव्या गुडघ्यांसाठी नव्हत्या.

फिक्रीने खिशातला कागद काढला, त्याची घडी आणखी लहान केली. "गाबिर, तुझा परवाना आजच्या आज सोडवून आणतो. चूक झाली."

गाबिर त्याच्याकडे बघत राहिला. "एक विचारू, मालक? या बाई आल्या नसत्या तर आज सही केली असतीत?"

फिक्रीने बहीजाकडे पाहिलं. ती झाकणाच्या तोंडातून आत डोकावत होती. इथे ती मदत करणार नव्हती. "केली असती," तो हळूच म्हणाला. "रात्रभर झोपलो नसतो. पण केली असती."



"‘नसती केली’ म्हणाला असतात, तर चावी इथे ठेवून निघून गेलो असतो," गाबिर म्हणाला. "तुम्ही मासळी घ्यायचात तेव्हाही मला तुमचं हेच आवडायचं. ताजी नसली की तोंडावर सांगायचात." त्याने बाह्या सारल्या. "आधी टाकी उपसू. बादल्या आणा. आणि कपडे बदला, मालक, तुम्हीच आत उतरणार आहात."