सोन्यातली दुसरी भुवई

टाकसाळीत माणसं बहिरी होतात, वेडी होत नाहीत. रोमच्या टाकसाळीत हातोडा मारून मारून माझा एक कान गेलाय. डोळे मात्र शाबूत आहेत, म्हणून सांगतो.

सम्राटाच्या वाढदिवसाची सोन्याची नाणी पाडायची होती. साचा माझ्या थोरल्या भावानं, एपाफ्रानं, कोरलेला. आम्ही दोघं जन्माचे गुलाम. पण ही नाणी निर्दोष उतरली, तर दादाला मुक्ती मिळणार होती. तापलेली चकती तो चिमट्यानं साच्यावर ठेवायचा, मी घाव घालायचो.

सकाळची नाणी झकास उतरली. सम्राट नेहमीसारखा एका अंगानं, उजवीकडे बघणारा. लसूण-भाकरी खाऊन पुन्हा कामाला लागलो, तर नाण्यावर नाकापलीकडे दुसरी भुवई दिसली.

"दादा, हे काय रे?"

"तुझा घाव तिरका पडतोय, गाढवा!"

साचा पुसून पाहिला. त्यात एकच भुवई, एकच डोळा. पुढच्या नाण्यावर पलीकडच्या डोळ्याचा कोपरा उमटला. सम्राट आमच्याकडे तोंड वळवत होता. मी हातोडा खाली ठेवला.

"थांबूया रे."

"थांबलो तर मुकादम कातडं सोलेल, आणि मुक्तीवर पाणी. मार!"

बोलताना त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. मान उजवीकडेच होती. मी मारत राहिलो.

दुसरा डोळा पुरता उघडला.

"दादा, इकडे बघ ना."

"बघतोच आहे की," तो भिंतीकडे तोंड करून म्हणाला.

तेवढ्यात मुकादम आला. संपलं सगळं, मला वाटलं. त्यानं नाणी निरखली. "वा! एकाला झाकावं, एकाला काढावं!"

मी वाकून पाहिलं. सगळ्यांवर सम्राट पुन्हा एका अंगानं.

वाढदिवशी दादाच्या डोक्यावर मुक्तीची लोकरीची टोपी चढली. "आता काय बुवा, एपाफ्राशेठ!" मुकादम खिदळला. मला रडू फुटलं. मिठी मारायला समोर गेलो, तर एकच गाल दिसला. वळसा घालून दुसरीकडून गेलो. तोच कान, तोच डोळा, उजवीकडे बघणारा.

"दादा, आता तरी बघ रे माझ्याकडे."

"बघतोच आहे की."

त्याचा पलीकडचा गाल चाचपायला मी हात नेला. तिथं सपाट होतं, आणि गार.