मोजून दिलेलं पाणी

सून तोंडाची गोड आणि हाताची चोरटी, हे म्हातारीचं मत आता पक्कं झालं होतं. डॉक्टरांनी पाणी मोजून द्यायला सांगितलं होतं आणि ही बया नवऱ्याला लपूनछपून पेले पाजत होती. नाहीतर रक्तातलं मीठ पुन्हा उतरलं कसं?

लेकाच्या मानेत, काखेत गाठी वाढल्या होत्या. अशा आजारात कधीकधी अंगात एक हार्मोन नको तेवढं सुटतं आणि शरीर पाणी धरून बसतं, असं डॉक्टर म्हणाले. म्हातारीनं लगेच इलाज सांगितला, "मग घाला की चमचाभर मीठ त्याच्या तोंडात."

"नुसतं मीठ घालून भागत नाही, आजी. पाणी जास्त झालंय. रक्तातलं मीठ आणखी उतरलं तर झटके येतील. कदाचित जागच येणार नाही."

हे तिला पटलं. पातेल्यात पाणी जास्त झालं की काय होतं, ते तिला कुणी शिकवायला नको होतं. तिनं लेकाच्या न्हाणीचा नळ बंद करवला, पाण्याचा जग कपाटात कुलपाखाली ठेवला.

पुढच्या तपासणीत मीठ आणखी खाली.

"पाजलंस ना?"

"मी नाही." सून जमिनीकडे बघत राहिली. "तुम्हीच पाजत होता, आई. काल दुपारी. मला वाटलं, डॉक्टरांनी सूट दिली."

"चोराच्या उलट्या बोंबा."

तिनं लेकाला विचारलं. त्याचे ओठ फुटले होते, तरी तो हसला.

"तूच की. डोकं मांडीवर घेतलंस."

मीठ उतरलं की माणूस बरळतो, हेही डॉक्टरांनी सांगितलं होतं. त्याचं मीठ उतरलंय, पण हिचं काय उतरलंय, म्हातारी मनात म्हणाली. मांडीवर! लाडानं पोरं बिघडतात, म्हणून तिनं त्याला लहानपणीसुद्धा असं कधी घेतलं नव्हतं.

त्या दुपारी तिनं लेकाच्या खोलीला बाहेरून कुलूप घातलं, किल्ली मुठीत धरली आणि दारापाशी खुर्ची टाकली. सुनेला समोरच मटार सोलत बसवलं. नजरेआड व्हायचं नाही, अशी ताकीद दिली.

आत पंखा फिरत होता. समोर शेंगा फुटत होत्या.

मग आतून घोटांचा आवाज आला. सावकाश, तहानेल्या माणसाचा.

सूनही थांबली. तिच्या दोन्ही हातांत मटार होते.

म्हातारी वाकली. दाराच्या फटीला डोळा लावला.

पलंगावर पाठमोरी बाई बसली होती. राखाडी शाल. सैल अंबाडा. लेकाचं डोकं तिच्या मांडीवर होतं. हनुवटीखाली धरलेल्या हाताची करंगळी वाकडी होती.

म्हातारीनं आपली करंगळी पाहिली. कधीकाळी दारात चिरडलेली.

आत पेला रिकामा झाला. बाईनं लेकाचे ओठ शालीनं पुसले, हळुवार, आणि दुसरा पेला उचलला.

"आई, काय आहे आत?" सुनेनं विचारलं.

म्हातारी ताठ झाली. किल्ली द्यायला तिनं मूठ उघडली. तळहातावर किल्लीभोवती पाणी साचलं होतं. ते बोटांमधून जमिनीवर ठिबकलं.

"तू खोटारडी नाहीस," ती सुनेला म्हणाली. "घे ही, उघड दार. आणि यापुढे ज्या सासूच्या हातात पेला दिसेल, तिला घराबाहेर काढ. मी असले तरी."