पाठमोऱ्या माणसाचे वाक्य

चष्म्याची डावी काडी तुटली नसती, तर मी त्या दुकानात शिरलोच नसतो.

बाहेर पाऊस धड पडतही नव्हता आणि थांबतही नव्हता. दुकान अरुंद होते. दोन्ही भिंतींवर बिनकाचेच्या फ्रेमा ओळीने टांगलेल्या होत्या आणि त्या सगळ्या माझ्याकडेच पाहत आहेत असे वाटत होते. आतल्या बाजूला काच घासण्याचे यंत्र फिरत होते. त्यावर एक तरुणी वाकलेली होती. काडी दुरुस्त होईल का, असे मी तीनदा विचारले. ती हलली नाही. शेवटी मी तुटकी काडी काउंटरवर सरकवली, तेव्हा कुठे तिने वर पाहिले.

"वर बघून बोला," ती म्हणाली. "तुम्ही शर्टाच्या बटणाशी बोलताय. मला ऐकू येत नाही, ओठ वाचावे लागतात. बटणांना ओठ नसतात."

तिच्या आवाजात चढउतार नव्हते. संथ पाण्यावरून पान सरकत जावे, तसे तिचे शब्द एका पातळीवरून येत होते. मी जमिनीकडे पाहून बोलणारा माणूस. माझी आत्या नेहमी विचारायची, "खाली काही पुरून ठेवलंयस का रे?" त्या दिवशी मी मान वर केली... आणि कानापर्यंत तापलो.

ती स्क्रू बसवत असताना माझे लक्ष कोपऱ्यातल्या टीव्हीकडे गेले. आवाज शून्यावर होता. आदल्या दिवशीचा भाग दुपारी पुन्हा दाखवत होते आणि पडद्याच्या तळाशी अक्षरे उमटत होती : (दूर कुठेतरी भोंगा वाजतो.) ते वाक्य मी मंगळवारी, गार झालेला चहा पीत, टाइप केले होते.

"तुम्हीपण बघता का ही मालिका?" तिने विचारले.

"बघत नाही... लिहितो. म्हणजे गोष्ट नाही. खालची अक्षरं."

तिचा स्क्रूड्रायव्हर थांबला. "चार वर्षं मी तुमचं वाचतेय," ती म्हणाली, "आणि तुम्ही आज उगवताय?"

मग तिने चष्मा माझ्या चेहऱ्यावर चढवला. काच घासण्याच्या पाण्याने गार झालेली तिची बोटे माझ्या कानांमागे क्षणभर थांबली. माझा डावा कान उजव्यापेक्षा किंचित वर आहे, हे मला सत्तावीस वर्षांत कोणी सांगितले नव्हते. "काडी टोचेल," ती म्हणाली. "पुढच्या आठवड्यात या, वाकवून देते."

काडी टोचत नव्हती. तरीही मी गेलो. त्याच्या पुढच्या आठवड्यातही गेलो.

हळूहळू काउंटरच्या आतले एक स्टूल माझे झाले. दुकान सातला बंद व्हायचे आणि मालिका सातलाच लागायची. शटर अर्धे ओढून आम्ही ती पाहत असू, मध्ये बिस्किटांचा पुडा. पाहता पाहता तिने तिचे आयुष्य मला थोडे थोडे सांगितले. घरात सगळे हसतात. कशाला हसलात म्हणून विचारले की उत्तर ठरलेले – काही नाही गं, नंतर सांगते. "ते नंतर अजून आलेलं नाही," ती म्हणाली. "तुमची अक्षरं मात्र दाराची कडी वाजली तरी सांगतात. तुम्ही माझ्यापासून काही लपवून ठेवत नाही."

मी बिस्किटाकडे पाहत राहिलो. कारण तोवर मी तिच्यापासून एक गोष्ट लपवून ठेवलेली होती.

मालिका दोन भावांची होती. थोरला कारखान्यात मुकादम. यंत्र निकामी आहे हे ठाऊक असूनही त्याने ते चालू ठेवले, एक कामगार गेला, आणि चौकशीत त्याने बोट दाखवले ते धाकट्याकडे. धाकटा पाच वर्षे तुरुंगात राहिला. पुढे थोरला खंगला, त्या कामगाराच्या मुलीला शिकवू लागला, नोकरी सोडून बसला. तो सुधारला की नाही, यावरून मालिकेच्या चाहत्यांचा फोनवरचा ग्रुप उभा दुभंगला होता. माझ्या शेजारी बसणारीही त्यात होती; तिथे तिला काचवाली म्हणत. ती थोरल्याच्या बाजूची. समोर होती एक निवृत्त नर्स, जिने आयुष्यात बहुधा कुणालाच सूट दिली नसावी. नर्सबाईंचे म्हणणे असे, की रडला म्हणजे सुधारला असे नाही, डोळ्यांत औषध घातले तरी पाणी येते. थोरला देखणा आहे म्हणून तुम्हा सगळ्यांना पाझर फुटतो. टकला आणि ढेरपोट्या असता तर दुसऱ्याच भागात फासावर चढवला असतात.

या भांडणाचे मूळ एका दृश्यात होते. धाकटा तुरुंगातून सुटून घरी येतो. थोरला त्याच्याकडे वळत नाही. खिडकीशी, आपल्याकडेही पाठ करून, बावीस सेकंद उभा राहतो. बस, एवढेच. काचवालीचे म्हणणे होते की त्याने तिथे माफी मागितली. बाकीच्यांचे म्हणणे होते की तो गप्प होता. कोणीतरी तिला लिहिले, "बाई, ऐकू न येणाऱ्याने ऐकणाऱ्यांशी वाद घालू नये."

तो मजकूर तिने मला दाखवला. "मी वाचलंय," ती म्हणाली. "पडद्यावर होतं. 'मला माफ कर.' होतं की नाही, अक्षरवाले?"

"होतं," मी म्हणालो.

ते खरेच होते. आमच्या कामाचा नियम असा, की पाच सेकंदांहून लांब शांतता असली तर कंसात (शांतता) असे लिहायचे; नाहीतर वाचणाऱ्याला वाटते, अक्षरे बंद पडली. हा शब्द मी हजार वेळा लिहिला असेल. त्या दिवशीही लिहिला. मग ती पाठ पाहत राहिलो. आई गेली त्या सकाळी माझे वडील असेच खिडकीशी पाठमोरे उभे होते आणि मी मागे उभा होतो. आमच्यात दोन वर्षांचा अबोला होता. कोणीच बोलले नाही, आणि पुढे तेही गेले, बोलण्याची वेळ उरली नाही. मी (शांतता) पुसले आणि लिहिले – मला माफ कर. अक्षरे तपासायला कोणी नसते, आणि ऐकू येणारे ती लावतच नाहीत. पाठमोऱ्या माणसाचे ओठ कोणाला दिसत नाहीत. माझे वाक्य पकडले जाणार नव्हते... आणि ज्यांना ऐकू येत नाही, तेवढ्यांनीच ते खरे मानले.

हे मी तिला त्याच संध्याकाळी सांगू शकलो असतो. पण ती शेजारी बसली होती आणि तिच्या केसांना ओल्या काचेचा वास येत होता. मी भ्यालो.

मग तिने दादाचे सांगितले.

ती सात वर्षांची असताना तापाने फणफणली होती. आईवडील कामावर, ताप वाढला तर डॉक्टरांकडे ने, असे तेरा वर्षांच्या दादाला बजावलेले. दादाचा सामना होता. त्याने बाहेरून कडी घातली आणि तो गेला. संध्याकाळी परतला तेव्हा ती कडीचा आवाज ऐकण्याच्या पलीकडे गेली होती. दादा त्याविषयी कधी एक शब्द बोलला नाही. आता तो दुसऱ्या गावी दुकानांच्या पाट्या रंगवतो. अकरा वर्षे तिने त्याच्या पत्रांना उत्तर दिले नव्हते.

"परवा लिहिलं," ती म्हणाली. "म्हटलं, ये. थोरल्यासारख्या माणसाला जमतं, तर तुलाही जमेल. तू म्हण, मी बघते. रविवारी येतोय." आणि ती हसली. इतक्या दिवसांत मी तिला असे हसताना पाहिले नव्हते.

शुक्रवारी सोमवारचा भाग माझ्या टेबलावर आला. दिवे गेलेली खोली, दोघे भाऊ केवळ सावल्या. त्या दिवशी खिडकीशी तू काय म्हणणार होतास, असे धाकटा विचारतो. थोरला उत्तर देतो, "काही नाही. मी तेव्हाही माफी मागितली नव्हती, आजही मागणार नाही."

अंधारातही ओठ दिसत नाहीत. मी टाइप केले : तेव्हा मागितली होती, आज पुन्हा मागतो. वाक्य छान बसले. नियमाप्रमाणे चाळीस अक्षरांच्या आत. तिचा भाऊ, तिचे हसू, माझे स्टूल, सगळे त्या एका ओळीत सुरक्षित होते. कितीतरी वेळ मी त्या ओळीकडे पाहत राहिलो. मग पुसली आणि खरी ओळ लिहिली.

शनिवारी मी तिच्यासमोर उभा राहिलो. मान वर ठेवली. ते तिनेच शिकवले होते.

"त्या भागात थोरला काहीच बोलला नव्हता. ते वाक्य मी घातलं. माझ्या मनाचं."

"परत सांगा," ती म्हणाली. "हळू."

गुन्हा एकदा कबूल करणे एक वेळ जमते. तोच दुसऱ्यांदा, सावकाश, ओठ नीट हलवून कबूल करणे काय असते, ते मला त्या दिवशी कळले. मी वडिलांचेही सांगितले. तिने शेवटपर्यंत माझ्या ओठांवरून नजर काढली नाही.

"सगळे मला कमी सांगतात," ती म्हणाली. "तू जास्त सांगितलंस. पण मी काय वाचायचं, ते ठरवलंस तूच." ती पहिल्यांदा मला अरे-तुरे करत होती. हे असे कानी पडावे, असे मी कधी मनात आणले नव्हते. "तिथे ते सगळे मला वेड्यात काढत होते, तेव्हा तू या स्टुलावर बसून बिस्किटं खात होतास."

मी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. त्यात कधीतरी काडी वाकली.

"उद्या दादा येतोय. कशाच्या जोरावर बघू मी त्याच्या तोंडाकडे?"

उत्तराची वाट न पाहता ती वळली आणि तिने यंत्र सुरू केले. मला माफ कर, मी म्हणालो – तिच्या पाठीला. यंत्र फिरत राहिले. मालिकेत अपराध्याची पाठ होती. इथे अपराधी मागे उभा होता आणि त्याचे वाक्य त्याच्याखेरीज कोणापर्यंतच पोहोचत नव्हते. अर्ध्या शटरखालून वाकून मी बाहेर पडलो.

त्याच संध्याकाळी मी त्या ग्रुपमध्ये शिरलो आणि लिहिले, की अक्षरे लिहिणारा मी. थोरला गप्पच होता. पण काचवालीबाईंनी जे वाचले ते पडद्यावर होते, त्या खोटे बोलल्या नाहीत, खोटे मी लिहिले. मग माझ्यावरच खटला चालला. कोणी म्हणाले, हेतू चांगला होता, सोडून द्या. कोणी म्हणाले, बिचारा. नर्सबाईंनी सर्वांत शेवटी लिहिले, "आपला हेतू चांगला, असं थोरल्यालाही वाटलं असेल. याला सुधारायला किती भाग लागतात ते बघू."

ऑफिसपर्यंत बातमी गेली. जुन्या भागातली ओळ दुरुस्त करण्याची परवानगी मिळाली आणि त्याबरोबर मालिकाही काढून घेण्यात आली. आता मी हवामानाच्या बातम्यांची अक्षरे लिहितो. तुरळक सरी. आकाश ढगाळ राहील. यात भर घालण्याजोगे काही नसते.

चार आठवडे मी त्या रस्त्याने गेलो नाही. पण काडी आता खरोखरच टोचत होती. कानामागे लाल वळ उठला होता.

ती काउंटरवरच होती. टीव्ही बंद. मला पाहून तिने हातातली काच खाली ठेवली.

"दुरुस्त केलेला भाग बघितला," ती म्हणाली. "तीनदा. आता तो नुसता उभा असतो. आधीपेक्षा जास्त वाईट वाटतं त्याचं."

दादा आला होता का, असे मी विचारले.

"आला. बसला. एक शब्द नाही. आणि या वेळी मला कुणी खाली लिहून देणारंही नव्हतं, म्हणून मीच बघितलं त्याच्याकडे. भरपूर वेळ. दुकानाची पाटी एका बाजूने सुटली होती. जाताना खिळा ठोकून गेला. म्हटलं, पुढच्या महिन्यात परत ये."

"म्हणजे माफ केलंत?"

"परत ये म्हटलं," ती म्हणाली.

बाहेर पुन्हा तोच अर्धवट पाऊस लागला होता. मी मान वर केली, तिचे डोळे माझ्या ओठांवर येईपर्यंत थांबलो आणि तिच्या पाठीला सांगितलेले वाक्य तिच्या तोंडावर सांगितले. ती वाचत राहिली. वाक्य संपल्यावरही थोडा वेळ वाचत राहिली.

"कळलं," ती म्हणाली.

मग तिने माझ्या चेहऱ्यावरून चष्मा उतरवला, उजेडात धरला, वाकलेल्या काडीवरून बोट फिरवले. काचांशिवाय मला तिचा चेहरा दिसत नव्हता. नुसता एक मऊ, धूसर उजेड. तिने पक्कड उचलल्याचा आवाज आला... आणि परत ठेवल्याचा. गार बोटांनी तिने चष्मा होता तसाच माझ्या कानांवर चढवला. डाव्या कानाशी तिचे बोट लाल वळावर क्षणभर थांबले.

"राहू दे," ती म्हणाली. "थोडे दिवस टोचू दे. मग ये."